तिसरे पर्व आणि चौथी आज्ञा

गेल्या आगमनकाळातील दुसऱ्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीतून बाहेर पडत असताना आमच्या धर्मग्रामातील एक माउली वाट अडवून उभ्या राहिल्या. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. लग्नानंतर दापोडीत आल्या, त्याला आता तीस वर्षे होत आली. तक्रार करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हे. म्हणाल्या, "फादर, आमचा पोरगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बाहुल्यांचा सिनेमा बघत बसतो. त्यात चर्च आहे, पाळक आहे, बायबल आहे, आणि सगळ्याची नुसती टिंगल. एकदा प्रवचनातून बोला तुम्ही." मुलगा चाकणच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला जातो. कंपनीची बस त्याला मध्यरात्र उलटल्यावर सोडते. जेवण उरकून तो कानात यंत्र घालून बसतो, आणि आईची झोप उडते.

बोलण्याचे आम्ही कबूल केले. खरे सांगायचे, तर मनातल्या मनात प्रवचनाची दोन-तीन वाक्ये जुळूनही आली होती. परंतु न वाचलेल्या ग्रंथाचे खंडन करू नये, ही गुरुविद्यालयात तर्कशास्त्राच्या तासाला मिळालेली शिकवण आड आली. आम्ही त्या तरुणाकडून ती मालिका मागून घेतली. त्याने काही न बोलता पेनड्राइव्ह आमच्या हातावर ठेवला आणि किंचित हसला. त्या हसण्याचा अर्थ पुढे कळला.

मालिकेचे नाव 'मॉरल ओरेल'. तिची एकंदर तीन पर्वे आणि त्रेचाळीस भाग आहेत. प्रत्येक भाग सुमारे अकरा मिनिटांचा. आम्ही येथे लिहीत आहोत ते मुख्यतः तिसऱ्या पर्वाविषयी. हे तेरा भाग अमेरिकेत २००८ साली ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत दाखवले गेले. आम्ही ते तीन रात्रींत पाहिले. खंडनासाठी जवळ ठेवलेली वही पहिल्या रात्रीनंतर आम्ही उघडली नाही.

ज्या ठिकाणी ही मालिका दाखवली गेली त्याची थोडी ओळख करून देणे भाग आहे. 'कार्टून नेटवर्क' ही वाहिनी आपल्या घरांतील मुलांना ठाऊक आहे. अमेरिकेत २००१ सालापासून या वाहिनीने रात्रीचा काळ प्रौढांसाठी वेगळा काढला आणि त्याला 'अॅडल्ट स्विम' असे नाव दिले. दिवसा मुलांनी पाहायचे, रात्री ज्यांना झोप येत नाही त्यांनी. या रात्रीच्या दुकानात मिळणारा माल मोठा विचित्र. त्याचे बीज १९९४ सालच्या 'स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट' या मालिकेत होते. एका जुन्या चित्रमालिकेतील आकाशवीराची तीच ती जुनी चित्रे कापून-जोडून त्याला मुलाखतकार बनवले होते, आणि समोर खरे जिवंत पाहुणे बोलावले होते. प्रश्नाला उत्तर जुळेल याची हमी नाही. पुढे 'अॅक्वा टीन हंगर फोर्स' या मालिकेत दुधाचा पेला, बटाट्याच्या तळलेल्या काड्या आणि मांसाचा गोळा असे तिघे एका घरात भाडेकरू म्हणून राहतात. गोष्टीला शेंडा नाही, बुडखा नाही. हा सारा प्रकार आमच्या पिढीला वेडगळ वाटेल. तरीही मराठी माणसाने फार नाक मुरडण्याचे कारण नाही. गवळणीतली मावशी आणि पेंद्या, बतावणीतली उलटसुलट उत्तरे, 'गाढवाचं लग्न' या वगातला शापभ्रष्ट गंधर्व गाढव होऊन राजकन्येला मागणी घालतो तो प्रसंग, हे सर्व रात्रीच चालत असे आणि प्रौढांसाठीच होते. रात्रीच्या विनोदाला दिवसाचे तर्कशास्त्र लागू करायचे नसते, हे आपल्या खेड्यापाड्यांतल्या प्रेक्षकाला कोणी शिकवावे लागले नाही.

'मॉरल ओरेल' या वेडगळ शेजारात जन्मली. तिचा कर्ता डिनो स्टामाटोपुलस. स्टेट्सोटा नावाच्या काल्पनिक राज्यातले मॉरल्टन हे गाव. गावच्या मधोमध चर्च. तेथे पपिंग्टन नावाचे कुटुंब राहते: बाप क्ले, जो गावचा महापौरही आहे, आई ब्लोबर्टा, अकरा-बारा वर्षांचा मुलगा ओरेल आणि त्याचा धाकटा भाऊ शेपी. गावकऱ्यांची नावे मुद्दाम बाहुल्यांच्या धंद्यातून घेतली आहेत. क्ले म्हणजे माती. पाळकाचे आडनाव पुट्टी, म्हणजे खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी. परिचारिका बेंडी, म्हणजे हवी तशी वाकणारी. ग्रंथपाल बाईंचे नाव सेन्सरडॉल. त्या पुस्तकांना काय करीत असतील हे सांगायला नको. बापाचे नाव माती ठेवणाऱ्याच्या मनात उत्पत्तीच्या पुस्तकातला आदाम होता की नाही, ते तोच जाणे. आम्हांला मात्र तो आठवल्यावाचून राहिला नाही.

चित्रणाची पद्धत अशी: बाहुली केसभर हलवायची, एक छायाचित्र घ्यायचे, पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा एक. पडद्यावरचा एक सेकंद भरायला अशी चोवीसपर्यंत चित्रे लागतात. ही कला परदेशी म्हणून बाजूला सारू नये. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ सालच्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' या नावाने याच पद्धतीने काड्या नाचवल्या होत्या. आणि फाळक्यांना चित्रपटाचा छंद जडला तो मुंबईत पाहिलेल्या प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपटामुळे, ही गोष्ट आपल्या वाचकांना अभिमानाने ठाऊक असेलच. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर आजही कळसूत्री बाहुल्यांतून रामायणातली आख्याने सांगतात. बाहुलीला स्वतःचे मन नसते, म्हणून तिच्याकडून कोणतीही गोष्ट सांगून घेता येते, अगदी ज्या गोष्टीला जिवंत नट तोंड देऊ शकणार नाही तीही.

अमेरिकेत तर या बाहुल्यांना धर्मशिक्षणाचाच वारसा होता. तेथील लुथरन पंथीयांनी १९६० च्या दशकात 'डेव्ही अँड गोलायथ' नावाची बाहुल्यांची मालिका मुलांसाठी काढली होती: एक मुलगा, त्याचा बोलका कुत्रा आणि दर भागाच्या शेवटी एक धडा. ओरेलचे घर, अंगण, रस्ता, सारे त्या सात्त्विक जगासारखे दिसते. दिसते तेवढेच.

पहिल्या दोन पर्वांचा साचा ठरलेला आहे. ओरेल रविवारी प्रवचन ऐकतो. ते तो अक्षरशः खरे मानतो. जीवन ही देवाची सर्वांत मोठी देणगी आहे असे ऐकले, की तो कबरस्तानात जाऊन मेलेल्यांना उठवतो. देवाने दिलेले काही वाया घालवू नये असे ऐकले, की तो असे काही पितो की ज्याचा उल्लेख या नियतकालिकात करता येणार नाही. गावात हाहाकार उडतो. मग बाप त्याला अभ्यासिकेत बोलावतो, कंबरेचा पट्टा काढून झोडपतो आणि एक धडा देतो. तो धडा नेमका चुकीचा असतो. खरे पाप बाजूला राहते आणि चारचौघांत नाचक्की झाली, हेच पाप ठरते. पट्टा काढलेला असल्यामुळे बोलता बोलता बापाची विजार खाली घसरते. उपदेश चालूच.

हे विनोद चतुर आहेत, पण पाच-सहा भागांनंतर साचा दिसू लागतो. पहिल्या पर्वातील निम्मे भाग पाहिले नाहीत तरी वाचकाचे काही बुडणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. किळस हे विनोदाचे सर्वांत स्वस्त साधन. ज्या लेखकाला त्या मुलाच्या भोळेपणात खजिना सापडला होता, त्याने तो वारंवार गटारात का बुडवावा? त्या माउलींना कानांवर आले असेल ते बहुधा यातलेच.

दुसऱ्या पर्वाच्या शेवटी 'नेचर' नावाचे दोन भाग आहेत आणि तेथे ही मालिका कूस बदलते. बापलेक शिकारीला रानात जातात. बाप दारू पितो, पीत राहतो, बरळतो, आणि त्याच्या हातून सुटलेली गोळी मुलाच्या पायात घुसते. ओरेलला त्या रात्री पहिल्यांदा दिसते, की ज्याच्या शब्दाला तो देवाच्या शब्दाखालोखाल मानत आला, तो हा माणूस आहे.

तिसरे पर्व या एका शिकारीभोवती फिरते. कथा सरळ पुढे जात नाही. काही भाग त्या दिवसांपूर्वी घडतात, काही त्याच रात्री गावात इतर घरांत काय चालले होते ते सांगतात, काही त्यानंतरचे. एखाद्या कुटुंबात मोठी घटना घडली की नातेवाईक जसे वर्षानुवर्षे त्याच दिवसाकडे परत परत येतात, तसे. पहिल्या भागात, पुरुष रानात गेले असताना ब्लोबर्टा घरी एकटी काय करते, ते दिसते. ज्या बाईला आपण दोन पर्वे फक्त फरशी पुसताना पाहिली, तिला आतून किती थंडी भरली आहे हे दिसते. 'ट्रिगर' हा भाग शिकारीआधीचा: बाप मुलाला बंदूक चालवायला शिकवतो आणि मुलाचा हात वळत नाही.

'हेल्प' आणि 'पासिंग' हे दोन भाग आमच्या मते या पर्वाचा कणा आहेत. 'हेल्प'मध्ये क्ले आणि ब्लोबर्टा यांची पहिली भेट आहे. स्थळ: एका लग्नाची मेजवानी. क्ले तेव्हा दारूला शिवलेलाही नाही, लाजराबुजरा ख्रिस्ती तरुण आहे. ब्लोबर्टा बहिणींत दुर्लक्षित राहिलेली; आपले लग्न झालेच पाहिजे या धास्तीने घेरलेली. त्याच्या हातात पहिला पेला तीच देते. तेवढेच. कोणी खलनायक नाही. तरीही पुढची सगळी वर्षे त्या पेल्यातून वाहत येतात.

'पासिंग' त्याहून मागे, क्लेच्या बालपणात जातो. त्याच्या आईची अनेक बाळंतपणे वाया गेलेली. हाच एक जगलेला. म्हणून ती त्याला देवाचा चमत्कार मानून छातीशी धरते आणि नवऱ्याकडे पाहायचेही विसरते. एके दिवशी मुलगा गंमत म्हणून आपण मेल्याचे सोंग करतो. आईचे हृदय ते सोंग सहन करू शकत नाही. ती खरीच मरते. बाप मुलाला मारतो, आणि येथे आम्ही पडदा थांबवून काही वेळ नुसते बसून राहिलो. कारण मुलाला त्या माराचे दुःख होत नाही. बापाने आपल्याकडे पाहिल्याची ती पहिलीच वेळ असते. मग तो मार मिळावा म्हणून खोड्या करू लागतो. शेवटी बापाचा हात थांबतो. तू एवढ्याही लायकीचा नाहीस, असे तो सुचवतो आणि तोंड फिरवतो. मोठेपणी पट्टा हातात घेऊन मुलाला अभ्यासिकेत बोलावणारा क्ले काय करीत होता, ते आता कळते. त्याला माया करण्याची दुसरी भाषा कोणी शिकवलीच नव्हती. दोन पर्वे आपण ज्या घसरलेल्या विजारीला हसलो, ते हसू घशात अडकते.

आम्ही या वस्तीत बरीच वर्षे आहोत. शनिवारी संध्याकाळी पापनिवेदनाला बसतो, रात्री-अपरात्री घरांतून बोलावणी येतात. कारखान्यांतून थकून आलेले बाप, रेल्वे फाटकापलीकडच्या गुत्त्यावरून आलेले बाप, मुलाला 'मारतो ते त्याच्या भल्यासाठी' असे आम्हांला शपथेवर सांगणारे बाप आम्ही पाहिले आहेत. त्यांच्यातला एकही राक्षस नव्हता. परंतु त्यांचे बालपण विचारण्याची बुद्धी आम्हांला कितीदा झाली? आम्ही त्यांना दारू सोडण्याची शपथ घ्यायला लावली, वर्षभराने पुन्हा घ्यायला लावली. मालिकेतल्या पुट्टी पाळकाला आम्ही हसत होतो खरे.

त्या पाळकाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, धंदाबंधू म्हणून. पुट्टी हा एकलकोंडा, वासनेने गांजलेला, स्वतःच्या प्रवचनावर स्वतःचाच विश्वास नसलेला माणूस आहे. तो धर्मगुरू कॅथलिक नाही, मॉरल्टन हे प्रॉटेस्टंट गाव आहे, असे म्हणून आम्ही सुटका करून घेऊ शकलो असतो. पण प्रवचन देताना श्रोत्यांतल्या बाकांवर कोण बसले आहे, ते न पाहण्याचा रोग पंथ पाहून लागत नाही. आपल्याला एक मुलगी आहे हे त्याला उशिरा कळते. त्या स्टेफनीचे वागणे त्याच्या धर्माच्या कोणत्याच चौकटीत बसत नाही. तरीही तिच्यापाशी तो हळूहळू माणूस होत जातो, आणि माणूस झाल्यावर त्याचे पाळकपणही थोडे खरे होते. धर्मगुरूची टिंगल करणाऱ्या लेखकाने धर्मगुरूला इतकी उदारता दाखवावी, हे आम्हांला अपेक्षित नव्हते.

आता त्या तरुणाच्या हसण्याविषयी. तेरा भाग संपल्यावर आम्ही त्याला बोलावून घेतले आणि विचारले, "बाळ, तुला यात नेमके काय आवडते?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फादर, तुम्हाला सेफ्टी शूज आठवतात का?" आम्हांला काहीच आठवेना. त्याने सांगितले ते असे. तो दहा वर्षांचा असताना आगमनकाळातल्या एका रविवारी आम्ही बाप्तिस्मा करणाऱ्या योहानावर प्रवचन दिले होते. ज्याच्यापाशी दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, हा मुद्दा आम्ही बराच रंगवून सांगितला असावा. मुलगा घरी गेला. वडिलांपाशी बुटांचे दोन जोड होते: एक झिजलेला, एक कंपनीने नुकताच दिलेला. त्याने नवा जोड उचलून लोहमार्गाकडेच्या बांधकामावर अनवाणी काम करणाऱ्या एका मजुराला देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी झिजलेले बूट पाहून वडिलांना फाटकावरूनच परत पाठवले; दिवसाची मजुरी गेली. संध्याकाळी पट्टा निघाला. "आणि बाबा म्हणाले, देवाचं चर्चमध्ये, घरचं घरात. हे लक्षात ठेव." तरुण पुन्हा हसला. "अगदी क्लेसारखं. फक्त पँट घसरली नाही."

आम्ही विचारले, "मला तेव्हाच का सांगितले नाहीस?" तो म्हणाला, "मला वाटलं तुमचं बरोबरच होतं. माझंच कुठंतरी चुकलं असेल."

'ग्राउंडेड' या भागात बाप ओरेलला शिक्षा म्हणून चर्चमध्ये जाण्यासच बंदी करतो. देवाशी बोलण्याची सवय लागलेला तो मुलगा कासावीस होतो, आणि देवाला भेटण्यासाठी मृत्यूच्या उंबरठ्यावर जाऊन परत येण्याचे खेळ करू लागतो. विनोद म्हणून रचलेले हे दृश्य आहे आणि हसू येतेही. पण ज्याला हसू येते तोच एकदम भितो. शिकवलेले सगळे खरे मानणारे मूल ही किती धोक्याची ठेव आहे, हे धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या आखीव पुस्तकांतून आम्हांला तितके कधी जाणवले नव्हते.

या पर्वात दोष नाहीत असे मुळीच नाही. 'अलोन' या भागात तीन स्त्रिया एका रात्री आपापल्या घरी एकट्या आहेत. परिचारिका बेंडी कापसाच्या अस्वलांना नवरा आणि मुलगा मानून त्यांच्यासोबत संसार करते, हा भाग आम्ही या संपूर्ण मालिकेतल्या सर्वांत करुण प्रसंगांत धरू. परंतु त्याच अकरा मिनिटांत दुसऱ्या एका स्त्रीवर झालेल्या अत्याचाराचा विषय येतो, आणि तो इतक्या घाईने, इतक्या विकृत वळणाने येतो, की लेखकाला तिची कणव आहे की प्रेक्षकाला दचकवण्याची हौस आहे हे ठरवता येत नाही. आमच्या मते दुसरीच गोष्ट अधिक आहे. स्त्रियांच्या वाट्याला या मालिकेत बव्हंशी शरीरच येते. ब्लोबर्टाला न्याय मिळतो, इतरांना क्वचित. या पर्वाचे आधी वीस भाग व्हायचे होते. वाहिनीने काळोख फार झाला म्हणून तेरांवर थांबवले. कलावंतावर अन्याय झाला असे त्याचे चाहते म्हणतात. आम्हांला वाटते, संपायचे आहे हे कळल्यामुळेच शेवटचे भाग इतके घट्ट झाले.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. मॉरल्टनमध्ये प्रत्येक जण एकटा आहे. चर्च भरते, पण कोणी कोणाचे नाही. तेथे मयताच्या घरी डबा घेऊन जाणारी शेजारीण नाही, कर्जात बुडालेल्याला भिशीतून हात देणारे नाहीत, नाताळच्या आधी रात्र रात्र जागून गोठा उभारणारी पोरे नाहीत. असे एकही धर्मग्राम पृथ्वीच्या पाठीवर असेल असे आम्हांला वाटत नाही. उपहासकार एका बाजूचाच आरसा धरतो, हे मान्य. पण दुसरी बाजू आहे याची खूण तरी हवी होती. ती एका ओरेलच्या रूपानेच मिळते.

आणि ती मिळते, ही गोष्ट आम्ही या मालिकेचे सर्वांत मोठे पुण्य समजतो. आमची अशी भीती होती, की बापाचे खरे रूप कळल्यावर मुलगा देवालाही सोडील आणि लेखक त्याला शहाणा झाला म्हणून टाळी देईल. तसे होत नाही. ओरेलचा पाय कायमचा लंगडा होतो. श्रद्धा लंगडी होत नाही. ती फक्त बापाच्या हातातून सुटून स्वतःच्या पायांवर येते. पोप पायस अकरावे यांनी १९३६ साली चित्रपटांविषयी परिपत्रक काढले आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली संपर्कमाध्यमांवर आज्ञापत्र काढले, ती आम्ही सेमिनरीत परीक्षेपुरती वाचली होती. पाप दाखवणे आणि पापाची गोडी लावणे यांत भेद करा, असे आमचे प्राध्यापक सांगत. या पर्वात पाप पोटभर आहे. त्याची गोडी लागेल असा माणूस आम्हांला दाखवावा.

शेवटचा भाग 'ऑनर'. तो १८ डिसेंबर २००८ रोजी, म्हणजे आगमनकाळातच दाखवला गेला. नाताळ आला आहे. ओरेलपुढे प्रश्न आहे तो आपल्या गणनेप्रमाणे चौथ्या आज्ञेचा: आईबापांना मान द्यायचा आहे. पण बापात मान देण्याजोगे आहे तरी काय? इतर कोणी मुलगा असता तर आज्ञाच मोडीत काढली असती. हा मुलगा तसे करीत नाही आणि खोटेही बोलत नाही. तो बापाला ओळखणाऱ्या माणसाकडे जाऊन चौकशी करतो, जणू हरवलेली वस्तू शोधतो आहे. उत्तर फारसे हाती लागत नाही. चौथ्या आज्ञेवर आम्ही आजवर कितीतरी वेळा बोललो असू. संत पौलाने इफिसकरांस लिहिताना मुलांना आज्ञापालन सांगून झाल्यावर लगेच बापांकडे मोर्चा वळवला आहे आणि मुलांना चिडीला आणू नका अशी समज दिली आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही या आज्ञेखाली आईबापांची कर्तव्ये सविस्तर मांडली आहेत. आमच्या प्रवचनांत तो दुसरा भाग बहुधा वेळेअभावी राहून जात असे.

पहिल्या पर्वाच्या अखेरीसही नाताळच होता. तेव्हा घर मोडायला आलेले असते आणि ओरेल बाहेर उभा राहून आकाशाकडे पाहत देव आता सगळे नीट करील याची वाट पाहतो. पडदा तेथेच पडला होता. 'ऑनर'च्या शेवटी कित्येक वर्षे उलटलेली दिसतात. ओरेल मोठा झाला आहे. पत्नी क्रिस्टिना आहे, मुले आहेत, नाताळचे झाड आहे, घरात ऊब आहे. आणि घरात त्या दोघांचे, क्ले आणि ब्लोबर्टाचे, म्हातारपणीचे छायाचित्र लावलेले आहे. चेहरे आंबटच. त्यांनी क्षमा मागितल्याची कोठेही खूण नाही. ते सुधारल्याचेही दिसत नाही. पण छायाचित्र घरात आहे. मुलांना पट्ट्याचा धाक नाही. संवाद जवळजवळ नाहीतच. हे दृश्य काही क्षणांचे आहे आणि त्यासाठी त्रेचाळीस भाग सोसावे लागतात, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. मात्र तिसऱ्या पर्वातील निदान 'हेल्प', 'पासिंग' आणि 'ऑनर' हे तीन भाग प्रौढ वाचकांनी याच क्रमाने पाहावेत, अशी आमची शिफारस आहे. मुलांनी नव्हे, बाहुल्या पाहून कोणी फसू नये.

त्या तरुणाने सांगितले, की हा शेवटचा भाग त्याने चार वेळा पाहिला आहे. त्याचे वडील आता निवृत्त आहेत. दारू कमी झाली आहे, बोलणे तर आधीपासूनच कमी. बुटांची गोष्ट त्यांना आठवते का, असे आम्ही विचारले. "माहीत नाही. मी काढली नाही, त्यांनी काढली नाही."

आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी आम्ही प्रवचनात मालिकेचे नाव घेतले नाही. मिस्सेनंतर त्या माउली पुन्हा दाराशी आल्या. "बोलला नाहीत, फादर?" आम्ही त्यांना सांगितले, की आधी मुलाला सांगा, शेवटचा भाग मला दाखव, फक्त अकरा मिनिटांचा आहे. त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, "इंग्रजी आहे ना ते? मला कुठं कळायचं."

"तो सांगेल समजावून," आम्ही म्हणालो.

"ह्यांनापण बसवू का?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. मुलाला विचारा, एवढेच आम्ही सांगितले. पेनड्राइव्ह त्याच दिवशी परत केला.